उवा झाल्या म्हणून शाळा का बुडावी?

जून संपता संपता नाशिकमधल्या एका शाळेने पालकांच्या हाती चिठ्ठी ठेवली: 'ज्या विद्यार्थिनींच्या डोक्यात उवा किंवा लिखा आढळतील, त्यांना डोके पूर्ण स्वच्छ होईपर्यंत शाळेत पाठवू नये.' त्या आठवड्याची पालकसभा या एका विषयातच संपली. नातीची पालक म्हणून मीही तिथे होते. अर्धी सभा म्हणत होती, बरं झालं, कुणीतरी ठाम पाऊल उचललं. उरलेली अर्धी म्हणत होती, आमच्या मुलींच्या डोक्याला हात लावायचा अधिकार शाळेला दिला कुणी, तपासणीच बंद करा. दोन्हीकडचे आवाज चढले. एकाने 'अशा वस्तीतली मुलं घेतली की हेच होणार' असंही म्हणून टाकलं. दीड तासात एका गोष्टीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही, ती म्हणजे ऊ. ती किती दिवस जगते, एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात कशी जाते, कशाने मरते, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. शाळेतल्या सिस्टरने मुलांची डोकी तपासलीच पाहिजेत. पण त्या तपासणीचा शेवट मुलीला घरी धाडण्यात होता कामा नये. औषध, फणी आणि नवव्या दिवशी पुन्हा तपासणी ही शाळेची जबाबदारी आहे, आणि ज्या दिवशी ऊ सापडली त्या दिवशीसुद्धा मुलगी स्वतःच्या बाकावरच बसली पाहिजे. सव्वीस वर्षं मी याच शहरात शिकवलं. त्यातली पहिली काही वर्षं मी याच्या बरोबर उलट वागले, म्हणून हे लिहिते आहे.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही, फक्त चालते. म्हणजे एक डोकं दुसऱ्या डोक्याला टेकलं तरच तिचं स्थलांतर सहज होतं. डोक्यावर ती साधारण महिनाभर जगते आणि मादी रोज सात-आठ अंडी घालते. ती अंडी म्हणजे लिखा, केसाच्या मुळाशी चिकटवलेल्या. सात ते दहा दिवसांत त्या फुटतात आणि पुढच्या नऊ-दहा दिवसांत पिल्लू अंडी घालण्याजोगं होतं. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, कारण तिला रक्ताशिवाय जगता येत नाही. आता खाजेकडे या. खाज ऊ चावल्याची नसते, तिच्या लाळेची ॲलर्जी असते आणि पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला ती जाणवायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे बाईंना वर्गात मुलगी डोकं खाजवताना दिसते तेव्हा बहुधा महिनाभर उवा घेऊनच ती शेजारणीजवळ बसलेली असते. मग त्या दिवशी दुपारी तिला घरी पाठवून वाचवलं कुणाला? जे पसरायचं होतं ते कधीच पसरलेलं असतं.

चिठ्ठीतला 'किंवा लिखा' हा शब्द तर फारच महागात पडतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. टाळूपासून बोटभर दूर दिसणारी लीख ही रिकामं टरफल असते. औषधाने उवा मेल्या तरी ती टरफलं केसाला तशीच चिकटून राहतात. 'पूर्ण स्वच्छ' या अटीवर जायचं तर बरी झालेली मुलगीही आठवडेच्या आठवडे घरी बसेल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने उवांसाठी कुठल्याही निरोगी मुलाची शाळा बुडवू नका, लिखांची अट काढून टाका, असं कधीच स्पष्ट केलं आहे. आपल्याकडे ती अट अजून नोटिशीत छापली जाते.

चिठ्ठीच्या बाजूने बोललेल्या आईचा राग खोटा नव्हता, हे मान्य करायलाच हवं. तिने तीन रविवार मुलीचं डोकं मांडीवर घेऊन एकेक ऊ वेचली होती आणि तिन्ही वेळा पंधरा-वीस दिवसांत डोकं पुन्हा भरलं होतं. मुलीला रात्री झोप नाही, मानेवर नखांचे ओरखडे, त्यात पू झालेला, कानामागे गाठी. 'उवाच तर आहेत' म्हणून हे झटकून टाकणाऱ्यांना असं डोकं जवळून बघायची वेळ आलेली नसावी. ती बाई कुणाच्या वस्तीवर शिक्का मारायला उभी राहिली नव्हती, दमली होती. पण तिने मागितलेला उपाय तिच्याच मुलीच्या कामाचा नाही. शेजारची मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही तरी संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात तीच असते, क्लासला तीच असते, आणि रिक्षात? आपल्या स्कूल रिक्षात मुलं कशी कोंबलेली असतात ते रोज सकाळी गंगापूर रोडला उभं राहून बघावं, डोक्याला डोकं लागलेलं असतं. बंदी फक्त वर्गाला लागते, उवांना लागत नाही. काही शाळा तर बाकांवर आणि गाद्यांवर कीटकनाशक फवारतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. ऊ डोक्यात आहे, बाकावर नाही. त्या फवाऱ्याने पोरांच्या छातीत मात्र विष जातं.

हा प्रयोग जगात करून झालेला आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत डॉक्टर येऊन मुलं तपासत. उवा, खरूज, गजकर्ण, डोळे आलेले, काहीही सापडलं की हातात चिठ्ठी देऊन घरी. चिठ्ठी इंग्रजीत, आईबाप नुकतेच बोटीने आलेले, अनेकांना ती वाचताही येत नसे. वर्गातून काढलेली पोरं शाळा सुटल्यावर त्याच गल्लीत त्याच सवंगड्यांशी खेळत. तेव्हा गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या परिचारिका लिलियन वॉल्ड यांनी आपल्या संस्थेतली एक परिचारिका, लीना रॉजर्स, महिनाभरासाठी चार शाळांना देऊ केली. रॉजर्स यांनी शक्यतो मुलं घरी पाठवली नाहीत. शाळेतच जखमा धुतल्या, शाळेतच औषध लावलं आणि घरोघर जाऊन आयांना ते कसं लावायचं हे करून दाखवलं. सप्टेंबर १९०२ मध्ये त्या शहरात १०,५६७ मुलांना आजारपणापायी वर्गाबाहेर काढलं होतं. शहराने अशा आणखी परिचारिका नेमल्यावर, सप्टेंबर १९०३ मध्ये, हा आकडा १,१०१ वर आला. 'शाळेतली नर्स' ही जागाच मुळी मुलांना घरी पाठवणं थांबावं म्हणून जन्माला आली. तिच्याच हाताने आपण आता घरी पाठवायच्या चिठ्ठ्या वाटायला लावतो आहोत.

आता दुसरी बाजू. तपासणीच नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पहिल्या बाजूपेक्षा जास्त टोचतो, कारण तो खरा आहे. प्रार्थनेनंतर पटांगणात रांग, सिस्टरच्या हातात पेन्सिल, ती वेणीत खुपसून 'तू बाजूला हो', आणि बाजूला झालेल्यांकडे साऱ्या शाळेचे डोळे. याला वैद्यकीय तपासणी म्हणता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांच्या मानसिक छळाला बंदी घातली आहे आणि माझ्या मते ही रांग त्यात बसते. पण मग उत्तर म्हणून तपासणीच सोडून द्यायची? अंबडच्या किंवा सातपूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाणारी आई पहाटे घर सोडते. मुलीची वेणी मोठी बहीण घालते, आणि ती बहीण असते अकरा वर्षांची. त्या घरात मुलीचं डोकं उजेडात कोण बघणार आहे? ज्यांच्या आयांना दुपारचा मोकळा वेळ आहे त्यांना शाळेच्या तपासणीची फारशी गरज नाही. 'आमचं आम्ही बघू' हे वाक्य त्यांना परवडतं. तपासणी बंद केली की अपमान जाईल खरा, पण ज्या मुलीकडे बघणारं कुणी नाही तिच्या उवा तशाच राहतील.

१८९७ सालचं पुणं आठवा. प्लेग आला, रँडसाहेबाच्या हुकमाने सोल्जर घराघरात शिरले, माजघरापर्यंत गेले, संशयितांना उचलून छावणीत नेऊ लागले. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. त्याच वर्षी त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचल्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. प्लेग कुठे आणि उवा कुठे, रोगांची बरोबरी मी करत नाही. पण शोधायला आलेला माणूस पुढे काय करणार आहे हे पाहूनच लोक दार उघडायचं की लावून घ्यायचं ते ठरवतात, एवढं तेव्हाही खरं होतं. आज घरी पाठवण्याची धास्ती घेतलेली आई काय करते ते मी पाहिलं आहे. शाळेला कळू नये म्हणून ती रातोरात उवा मारायला बघते, रॉकेल चोळून नाहीतर झुरळांचं औषध लावून. कुणी सीताफळाच्या बियांची पूड लावतं. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, आणि मुलीचं डोकं धुताना पाणी डोळ्यांत जाणारच. आजीच्या काळातली फणी आजही उत्तम आहे, तिला तोड नाही. पण आजीच्या काळातलं सगळंच उत्तम होतं असं नाही.

तपासणी कशी करावी हे मला एका सिस्टरने न सांगता शिकवलं. निवृत्तीच्या आधी ज्या शाळेत होते तिथे त्या आठवड्यातून तीन दिवस यायच्या. मुलींना त्या 'उवा बघायला' कधीच बोलवत नसत. उंची, वजन, डोळे, दात, नखं आणि त्यातच डोकं, एकेकीचं, दार लोटून घेऊन. कोणती मुलगी पुन्हा कशासाठी बोलावली हे बाकीच्यांना कळायचं कारणच नसे. खिडकीखाली स्टूल. 'ये गं बाळा, बस. ओढलं गेलं तर सांग हं.' मग खोबरेल तेलाने केस चिंब करायच्या, कारण ओल्या, तेलकट केसात ऊ पळू शकत नाही. मांडीवर कोरा पांढरा कागद. स्टीलची बारीक दातांची फणी कानामागून आणि मानेवरून मुळापासून टोकापर्यंत एकदाच ओढायची आणि कागदावर पुसायची. एकदा मी जवळ उभी होते. कागदावर तिळाएवढं काहीतरी पडलं आणि पाय हलवू लागलं. मुलगी वळून बघायला लागली तर सिस्टर म्हणाल्या, 'बघ की. हिला घाबरायचं काय? मला पण झाल्या होत्या चौथीत.' पोरगी हसली. कागदाची घडी घालून त्यांनी टोपलीत टाकली आणि मुलगी गणिताच्या तासाला गेली.

आईला फोन मात्र त्या संध्याकाळी, पाळी सुटल्यावर करायच्या. पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: 'सिस्टर, आम्ही रोज अंघोळ घालतो हो तिला.' त्या आईला कुणी अस्वच्छ म्हटलेलं नसायचं, तरी ती आधीच बचावाला उभी राहायची. सिस्टर यावर काही बोलायच्या नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळाच असायचा: 'ताई, तुमच्याकडे एका गादीवर किती जण झोपता?' सगळा उपचार या प्रश्नात आहे. ज्या मुलीच्या डोक्यात जिवंत ऊ सापडली तिला, आणि तिच्या गादीवर झोपणाऱ्यांपैकी ज्यांच्या डोक्यात सापडेल त्यांना, एकाच दिवशी औषध. एक टक्क्याचं परमेथ्रिन, धुऊन टिपलेल्या केसांना दहा मिनिटं, मग पाणी. औषधाने उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत, म्हणून त्या फुटल्यावर, नवव्या दिवशी, पुन्हा एकदा तेच. मधल्या दिवसांत फणी. चार तासांत डोकं साफ करण्याची हमी देणारं कुठलंही दुकान हा नववा दिवस सांगत नाही. तीन रविवार राबलेल्या त्या आईचं सगळं कष्टाचं काम वाया गेलं ते इथेच. तिने स्वतःच्या मुलीचं डोकं साफ केलं, पण जिच्या गादीवर ती मुलगी सुट्टीत झोपत होती त्या मावसबहिणीचं कुणी बघितलंच नाही.

सुरुवातीला म्हटलं ते आता सांगते. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्या वर्गात पाचवीत एक मुलगी होती, कमरेपर्यंत केस. दोन पालकांची तक्रार आली. मी तिला खिडकीजवळच्या बाकावर एकटीला बसवलं आणि वडिलांना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी ती डोक्याला रुमाल बांधून आली. वडिलांनी रात्री कात्रीने केस कापले होते, एकीकडे जास्त, एकीकडे कमी. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. महिन्याभरात त्या आखूड केसांत पुन्हा उवा होत्या, कारण घरी तिच्या दोन धाकट्या बहिणी तिच्याच अंथरुणात झोपत होत्या आणि त्यांची डोकी कुणी तपासली नव्हती, मीसुद्धा नाही. मुलीचे केस गेले आणि उवा राहिल्या. आपल्या समाजात बाईचे केस भादरणं हे काय होतं ते आपण जाणतो. विधवांचं केशवपन करायला मुंबईच्या नाभिकांनी नकार दिला, संप केला, त्यामागे सत्यशोधकांची प्रेरणा होती. वस्तरा कातडीवरून फिरतो आणि कलंक आत बसतो हे त्या कारागिरांना कळलं होतं. दहा वर्षांच्या मुलीला आरशात जे दिसलं असेल ते मला शिक्षिका असून कळलं नाही.

ऊ आणि अस्वच्छता ही जोडी आपल्या मनातून जात नाही, याला एक जुना गोंधळही कारण आहे. १९०९ साली शार्ल निकोल यांनी ट्यूनिसमध्ये दाखवून दिलं की टायफस हा जीवघेणा ताप उवांमुळे पसरतो. पुढे त्यांना नोबेल मिळालं. पण ती अंगावरची, कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ. कपडे बदलायला मिळाले नाहीत की ती वाढते. डोक्यातली ऊ वेगळी, तिच्यामुळे असा रोग पसरत नाही, आणि तिला धुतलेलं डोकं आणि न धुतलेलं डोकं सारखंच चालतं. बंगल्यातल्या मुलीला होते तशीच झोपडीतल्या मुलीला होते. फरक इतकाच की बंगल्यातल्या मुलीच्या उवा घरात, दार बंद करून निघतात. तरी 'अशा वस्तीतली' हा शब्द सभेत उच्चारला गेला, आणि तो नाशिकमध्ये उच्चारला गेला याचं मला जास्त वाईट वाटलं. याच शहरात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दाराशी बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं उभी राहिली होती, कारण शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली त्यांना आत घेतलं जात नव्हतं. आपण आता शाळेच्या दाराशी स्वच्छतेची अट टांगतो आहोत, तेव्हा ती कुणाला लागू होते आहे हे थांबून बघायला नको?

एक साधी तुलना करा. १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला जंतनाशक दिन असतो. अंगणवाडीत आणि शाळेत सगळ्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. कुणाच्या पोटात जंत आहेत हे विचारत नाहीत, कुणाला घरी पाठवत नाहीत, कुठलाही पालक 'आमच्या घरात जंत नाहीत' म्हणून भांडत नाही. जंतही किडाच, तोही एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा, आणि मुलाचं रक्त कमी करणारा म्हणून उवेपेक्षा कितीतरी वाईट. पण तो पोटात असतो, दिसत नाही. ही तुलना शेवटपर्यंत ताणता येणार नाही, हेही सांगते. उवांचं औषध सरसकट सगळ्यांच्या डोक्यात ओतलं तर उवा त्याला सरावतात आणि मग ते कुणालाच लागू पडत नाही. म्हणून इथे आधी डोकं बघायला हवं आणि जिवंत ऊ सापडेल तिथेच औषध द्यायला हवं. त्यासाठीच तर सिस्टर हवी.

'सिस्टर आणायची कुठून?' हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बहुतेक मराठी शाळांत सिस्टर नाही, मनपाच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत तर नाहीच. शिक्षकांवर आधीच इतकी कामं आहेत की आणखी एक टाकायची मला हिंमत होत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत, त्यात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. पण ती शाळेत वर्षातून एकदा येतात, आणि नऊ दिवसांत फुटणाऱ्या लिखांना वर्षातून एक तपासणी पुरी पडत नाही. मात्र महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना सामुदायिक आरोग्याचं काम प्रत्यक्ष वस्तीत जाऊन करावंच लागतं, ते अभ्यासक्रमात आहे. त्या कामातले दर आठवड्याचे काही तास जवळच्या शाळांना का जोडून देऊ नयेत? फणी, तेल, कागद आणि औषधाच्या बाटल्या यांचा खर्च शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मंडपापेक्षा नक्कीच कमी येईल.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या आश्रमशाळांचा विचार केला तर घरी पाठवण्याचा नियम निव्वळ क्रूर ठरतो. तिथे मुली शेजारी शेजारी गाद्या टाकून झोपतात. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या पट्ट्यात उन्हाळा लागला की पाण्याचे हंडे मोजावे लागतात, मग केस धुवायचं पाणी शेवटी येतं. तिथली मुलगी घरी पाठवली की एसटीने पाड्यावर जाते. पाड्यावर औषधाचं दुकान नाही. गेलेली मुलगी शेतीच्या कामात अडकते आणि परत कधी येईल, येईल का, हे अधीक्षिकाही सांगू शकत नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. प्रत्येक मुलींच्या वसतिगृहात पाच-सहा स्टीलच्या फण्या, औषध, आणि एका रविवारी सगळ्या खोलीची डोकी एकदम बघायची पद्धत, एवढं आदेश काढून सहज होण्यासारखं आहे.

पुढच्या महिन्यात पालकसभा पुन्हा आहे. मी चिठ्ठीचा मजकूर बदलून नेणार आहे: 'आपल्या मुलीच्या डोक्यात जिवंत ऊ आढळली आहे. असे कुणालाही होऊ शकते. ती आज वर्गातच आहे. औषध आणि फणी सोबत दिली आहे, घरातल्या सगळ्यांची डोकी आज रात्री उजेडात बघा. नवव्या दिवशी आम्ही पुन्हा तपासू. काही विचारायचे असल्यास कामावरून सुटल्यावर फोन करा.' खाली शाळेचा शिक्का नको, सिस्टरची सही हवी, आणि चिठ्ठी दप्तरात घडी घालून, पाकिटात जावी.